काठावरची माणसं

पहाटे साडेपाचला अर्धं सोलापूर अजून साखरझोपेत असतं. सिद्धेश्वराच्या देवळात काकडआरतीची लगबग, दूधवाल्यांच्या सायकली, आणि पोहण्याच्या तलावाच्या दारात आम्ही आठ-दहा जणी. प्रत्येकीच्या खांद्याला एक पिशवी. तिच्यात टॉवेल, गॉगल, टोपी, कोरडे कपडे, डब्यात भिजवलेले बदाम, उकडलेली अंडी, कुणाकडं शेंगाची पोळी. मुलं पाण्यात उतरली, की आम्ही पायऱ्यांवर बसतो. पुढचे दोन तास काहीही काम नसतं आणि तरीही तिथून हलता येत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आमच्या गप्पांचे विषय ठरलेले. क्लोरिननं केसांचा पार काथ्या झालाय. पोर उन्हात काळी पडली म्हणून सासूबाई रोज बोलतात. महिन्याचे ते चार दिवस आले की सराव बुडतो आणि मग स्पर्धेच्या तारखा जुळत नाहीत. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पुण्या-मुंबईला सोबत जायचं कुणी आणि ऑफिसात रजा मागायची कुणी? आणि या सगळ्याच्या वरचा प्रश्न म्हणजे दहावी. नववीची परीक्षा संपली की आमच्या पायऱ्यांवरची एक-एक जण कमी होत जाते. मुलांचं पोहणं वर्षभरासाठी थांबतं, मुलींचं बहुधा कायमचं. यंदा माझ्या घरातही तोच प्रश्न येऊन उभा राहिलाय.

त्याच पायऱ्यांवर बसून मी मागच्या महिन्यात एका बाईबद्दल वाचत होते. आरती साहा. इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियातली पहिली स्त्री. एवढी एक ओळ आपण सगळ्यांनी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलेली असते. पण वाचता वाचता माझं लक्ष तिच्यापेक्षा तिच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांकडंच जास्त जायला लागलं. कारण या पोरीला आई नव्हती.

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० चा, कोलकात्याचा. वडील पांचुगोपाल साहा सैन्यदलात साध्या नोकरीत होते. तीन भावंडांत ही मधली. अडीच वर्षांची असताना आई गेली आणि घर विखुरलं. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण भारती मामाकडं वाढली. आरती मात्र उत्तर कोलकात्यात आजीजवळ राहिली. नोकरदार माणसाची बायको गेली, तर तीन लहान मुलांचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा असाच सुटायचा. आपल्याकडंही असाच सुटायचा. कुणी आजोळी, कुणी आजीच्या पदराखाली.

कोलकात्यात गंगा दारात. म्हणजे हुगळी, पण तिथं तिला गंगाच म्हणतात. आरती चार वर्षांची असताना काकांबरोबर चांपातला घाटावर आंघोळीला जायची आणि तिथंच ती पोहायला शिकली. आमच्याकडं गंगा नाही. आमच्या पिढीच्या बापांना पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून विहिरीत ढकलून दिलं जायचं आणि गटांगळ्या खात ते शिकायचे. आत्यांना कुणी ढकललं नाही. त्या थारोळ्याशी धुणं धूत बसल्या. म्हणून मला त्या काकांचं कौतुक वाटतं. चार वर्षांच्या पुतणीला त्यांनी पायरीवर बसवून तांब्यानं आंघोळ घातली असती, तर कुणी नाव ठेवलं नसतं.

पोरीला पाण्याची ओढ आहे, हे वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला हातखोला जलतरण क्लबात घातलं. तिथं तिच्यावर नजर पडली सचिन नाग यांची. हे नाग म्हणजे साधे मास्तर नव्हेत. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले, त्यात १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. अशा माणसाच्या हाताखाली पोर गेली आणि १९४६ साली, म्हणजे पाच वर्षांची असताना, शैलेंद्र स्मृती स्पर्धेत ११० यार्ड फ्रीस्टाइलमध्ये पहिली आली. आपल्याकडं पाच वर्षांचं मूल बालवाडीत अजून डबा सांडत असतं!

तिथून पुढं बंगालमधल्या स्पर्धांचा नुसता धडाका. १९४५ ते १९५१ या काळात तिनं राज्यपातळीवरच्या बावीस स्पर्धा जिंकल्या. १९४८ साली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या मुंबईत होत्या. तिथं आली तेव्हा ही जेमतेम सात-आठ वर्षांची होती. १०० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रौप्य, २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्य. तिच्या पुढं एकच नाव असायचं, मुंबईच्या डॉली नाझिरचं. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत जायचं ते. दिसायला सोपं वाटतं, पण गुडघे आणि मांड्या भरून येतात. १९५१ साली बंगालच्या राज्य स्पर्धेत आरतीनं १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला १ मिनिट ३७.६ सेकंद अशी वेळ दिली आणि डॉलीचा अखिल भारतीय विक्रम मोडला.

पुढच्याच वर्षी त्या दोघी एकाच संघात होत्या. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. मराठी माणसाला हे ऑलिंपिक आठवतं ते खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळं. आपल्याला आठवायला हवं ते आणखी एका कारणानं. स्वतंत्र भारताच्या संघात त्या वर्षी पहिल्यांदा बायका होत्या. चौघीजणी. धावायला नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, पोहायला डॉली नाझिर आणि आरती साहा. त्यातली आरती अजून बारा वर्षांची पूर्ण व्हायची होती.

अकरा वर्षांची मुलगी. सहावी-सातवीतली म्हणा. सोलापूरकरांना साता समुद्रापार गेलेलं आपलं माणूस म्हटलं की डॉ. कोटणीस आठवतात. पण १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे, शिकूनसवरून डॉक्टर झालेले होते. इथं एका बिनआईच्या पोरीला घरच्यांनी फिनलंडला धाडायचं होतं. १९५२ साली. घरात फोन नाही, पत्र पोचायला आठवडे. माझी मुलगी पुण्याला तीन दिवसांच्या स्पर्धेला गेली, तर मी रात्री चार वेळा फोन लावते आणि उचलला नाही की बाईंना लावते.

हेलसिंकीत आरती २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उतरली. प्राथमिक फेरीत तिची वेळ होती ३ मिनिटं ४०.८ सेकंद. पुढं अंतिम फेरीत हंगेरीच्या एवा सेकेई हिनं सुवर्ण जिंकलं ते २ मिनिटं ५१.७ सेकंदात. जवळजवळ पन्नास सेकंदांचा फरक. पोहण्यात सेकंदाच्या दहाव्या भागावरून हारजीत ठरते, तिथं पन्नास सेकंद म्हणजे दुसरी मुलगी आंघोळ करून केस पुसायला लागलेली असते. लहान मुलाच्या मनावर याचं काय होतं, हे पायऱ्यांवर बसणाऱ्या कुठल्याही आईला विचारा. आपल्या जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी राज्य स्पर्धेत बाविसावी येते, तेव्हा परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसते आणि आपण काय बोलावं ते आपल्याला सुचत नाही.

(जाता जाता सांगते, या एवा सेकेईची मुलगी आंद्रेया हिनं १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पोहण्यातच एक रौप्य आणि एक कांस्य जिंकलं. तिला शिकवणारी तिची आईच. काठावर बसलेली आई स्वतः ऑलिंपिक विजेती असली, तर पोरीला सोपं जातं का अवघड, हा एक वेगळाच विषय आहे.)

आरती परत आली आणि पुढचा धक्का घरातूनच बसला. १०० मीटर फ्रीस्टाइलच्या शर्यतीत ती हरली, आणि हरली कुणाकडून? धाकट्या बहिणीकडून, भारतीकडून. मामाकडं वाढलेल्या त्याच बहिणीकडून. ज्या घरात दोन मुलं एकाच खेळात असतात, तिथल्या आयांना हे सांगायला नको. कुणाचं कौतुक करायचं आणि कुणाला जवळ घ्यायचं? एकीच्या पदकाचे पेढे दुसरीच्या हातानं कसे वाटायचे? आरतीनं यातून आपला मार्ग काढला. फ्रीस्टाइल सोडून दिलं आणि सगळं लक्ष ब्रेस्टस्ट्रोकवर दिलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. पोहणं सोडलं नाही आणि बहिणीशी स्पर्धाही वाढवली नाही.

हळूहळू तिच्या लक्षात आलं असावं, की आपला जोर वेगात नाही, दमात आहे. गंगेत लांब पल्ल्याच्या पोहण्याच्या स्पर्धा होत, त्यांत ती उतरू लागली. आणि मग आलं १९५८ साल.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीचा सगळ्यात अरुंद भाग साधारण चौतीस किलोमीटरचा. सोलापूरहून अक्कलकोट जवळपास तेवढंच आहे. १८७५ साली मॅथ्यू वेब यांनी ती पहिल्यांदा पोहून पार केली आणि १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकेची मुलगी खाडी पोहणारी पहिली स्त्री ठरली. पुढं सुटीच्या शिबिरांचा धंदा करणारे बिली बटलिन यांनी ही खाडी पोहण्याची आंतरराष्ट्रीय शर्यतच सुरू केली. १९५८ च्या शर्यतीत मूळची डेन्मार्कची ग्रेटा अँडरसन ही सगळ्या पुरुषांना मागं टाकून पहिली आली. त्याच शर्यतीत पूर्व बंगालचे ब्रजेन दास खाडी पार करून गेले. महिन्याभरानंतर, २७ सप्टेंबरला, मिहिर सेन हे खाडी पोहणारे पहिले भारतीय ठरले.

आरतीनं ब्रजेन दास यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. त्यांनी उलट तिलाच धीर दिला, की हे तिलाही जमण्यासारखं आहे. तेवढ्यावर ते थांबले नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी तिचं नाव त्यांनी आयोजकांना सुचवलं. फाळणीला अकरा वर्षं झाली होती. ते पूर्व पाकिस्तानचे, ही भारताची. दोघंही बंगाली, आणि दोघंही पाण्यातले.

आता खरा प्रश्न, जो आमच्या पायऱ्यांवर रोज असतो. पैसे. विमानाचं भाडं, इंग्लंडमध्ये दोन-अडीच महिने राहणं, खाणं, सोबतच्या बोटीचं भाडं, बरोबर येणाऱ्या माणसाचा खर्च. साध्या नोकरीतल्या बापाला हे झेपणारं नव्हतं. इथं हातखोला क्लबचे पदाधिकारी डॉ. अरुण गुप्ता पुढं आले. जामिनीनाथ दास, गौर मुखर्जी, परिमल साहा या मंडळींनी प्रवासाची तयारी केली. डॉ. गुप्तांनी आरतीच्या पोहण्याची प्रात्यक्षिकं ठेवून वर्गणी गोळा केली. म्हणजे पोरीनं आधी पाण्यात उतरून स्वतःच्या तिकिटाचे पैसे उभे करायचे! तरीही कमी पडत होते. मग शंभुनाथ मुखर्जी आणि अजय घोषाल यांनी हा विषय थेट मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कानावर घातला. हे तेच डॉ. रॉय, ज्यांच्या नावानं आपण १ जुलैला डॉक्टर दिन पाळतो. त्यांनी अकरा हजार रुपये मंजूर केले. त्या काळात सोनं शंभर-सव्वाशे रुपये तोळा होतं, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. पंतप्रधान नेहरूंनीही या मोहिमेत लक्ष घातलं.

आपल्याकडं अशी मदत मागायला गेलं, की पहिल्यांदा विचारतात पदक किती. पदक मिळवण्यासाठीच मदत हवी असते, हे सांगून सांगून एका ओळखीच्या आईनं शेवटी हातातल्या पाटल्या मोडल्या. असो.

तयारी कशी केली, तेही ऐकण्यासारखं आहे. १३ एप्रिल १९५९ रोजी देशबंधू पार्कच्या तलावात आरती सलग आठ तास पोहली. काठावर नामवंत जलतरणपटू आणि हजारो माणसं. एप्रिलमधलं कोलकाता म्हणजे घामाच्या धारा. पुढं एकदा ती सलग सोळा तास पोहली आणि शेवटचे सत्तर मीटर तिनं शर्यतीत पोहावं तशा वेगानं कापले. सोळा तास म्हणजे सकाळी सहाला उतरायचं आणि रात्री दहाला बाहेर यायचं. मधे टेकायचं नाही.

२४ जुलै १९५९ ला ती डॉ. गुप्तांसोबत इंग्लंडला निघाली. १३ ऑगस्टपासून प्रत्यक्ष खाडीत सराव सुरू झाला. तलावात पोहणाऱ्यांना समुद्राची कल्पना येत नाही, म्हणून थोडं सांगते. खाडीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटीही सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडं जानेवारीत माठातलं पाणी अंगावर घ्यावं, तसं. थंडी आत शिरू नये म्हणून अंगाला चरबीसारखा जाड थर चोपडायचा. सोबतच्या बोटीला पोहणाऱ्यानं हात लावायचा नाही, बोटीतल्या कुणी त्याला हात लावायचा नाही. स्पर्श झाला की मोहीम संपली. खायला-प्यायला द्यायचं तेही लांबूनच. जेलीफिश डसतात ते वेगळंच. आणि सगळ्यात मोठं दुखणं भरती-ओहोटीचं. दर सहा तासांनी प्रवाहाची दिशा उलटते. त्यामुळं माणूस सरळ जातच नाही, नागमोडी वाहवत जातो आणि चौतीस किलोमीटरचं अंतर दुप्पटसुद्धा होतं. म्हणून निघायची वेळ घड्याळ लावून ठरवावी लागते. चुकली, तर किनारा समोर दिसत असतो आणि पाणी तिथं जाऊ देत नाही.

नेमकं तेच झालं. २७ ऑगस्ट १९५९. तेवीस देशांचे अठ्ठावन्न स्पर्धक, त्यात बायका फक्त पाच. फ्रान्सच्या केप ग्री ने इथून मध्यरात्रीनंतर एक वाजता सुरुवात आणि इंग्लंडच्या सँडगेटला शेवट. सगळे निघाले आणि आरती किनाऱ्यावर उभी, कारण तिची वाट दाखवणारी बोटच वेळेवर आली नव्हती. चाळीस मिनिटं गेली. अठरा वर्षांची मुलगी, अंगाला चरबी चोपडलेली, अंधार, थंडी, आणि बाकीच्यांच्या बोटींचे दिवे लांब जाताना दिसत असलेले. या चाळीस मिनिटांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तरी ती निघाली. सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला होता. तेवढ्यात प्रवाह उलटला. पुढचे पाच तास ती हातपाय मारत राहिली आणि त्या पाच तासांत जेमतेम दोन मैल सरकली. तीन मैल उरले. दुपारचे चार वाजले होते, पाण्यात चौदा तासांहून जास्त वेळ झाला होता. तिला थांबायचं नव्हतं. बोटीवरच्या नावाड्यानं दबाव आणला आणि तिला बाहेर यावं लागलं.

त्या नावाड्यावर पुष्कळांनी राग काढला असेल. मला मात्र ठरवता येत नाही. थंड पाण्यात माणसाचं शरीर आधी थिजतं, मग बुद्धी थिजते. पोहणाऱ्याला वाटत असतं आपण ठीक आहोत, आणि त्याच क्षणी तो बुडू शकतो. म्हणून तर काठावर नाहीतर बोटीवर शुद्धीत असलेलं माणूस लागतं. पण ते माणूस घाबरून लवकर ओढून घेतंय का, हे कुणी ठरवायचं? तलावावर गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीला थंडी वाजायला लागली, ओठ निळे पडले होते. सरांनी अजून चार फेऱ्या सांगितल्या होत्या. मी काठावर जाऊन टॉवेल पुढं केला. ती बाहेर आली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी बरोबर होते असं मला अजूनही वाटतं. तिला अजूनही वाटत नाही.

आरती बोलली नाही असं नाही. तिनं सरळ पुन्हा उतरायचं ठरवलं. शर्यत संपली होती, बाकीचे स्पर्धक आपापल्या देशी निघाले होते. आता तिच्यासोबत गर्दी नव्हती, बक्षीस नव्हतं. डॉ. बिमल चंद्र हे भारतीय जलतरणपटू त्याच शर्यतीसाठी इटलीतल्या नेपल्सहून स्पर्धा करून आले होते, सरावाच्या दिवसांत त्यांचं मार्गदर्शन तिला मिळालं होतं. अशातच डॉ. गुप्ता आजारी पडले. परक्या देशात सोबतीला आलेलं एकुलतं एक जबाबदार माणूस अंथरुणाला. तरी सराव चालू राहिला. २४ सप्टेंबरला तिला एकोणीस पूर्ण झाली. वाढदिवस तिथंच, परक्या किनाऱ्यावर गेला.

त्यानंतर पाच दिवसांनी, २९ सप्टेंबर १९५९ ला, ती पुन्हा केप ग्री नेहून निघाली. १६ तास २० मिनिटं. लाटांनी आणि प्रवाहांनी अंतर ताणत ताणत बेचाळीस मैलांवर नेलं. सोलापूरहून निघालेलं माणूस पंढरपूरच्या जवळ पोचावं, एवढं. यावेळी कुणी थांबवलं नाही. सँडगेटच्या किनाऱ्यावर पाय टेकल्यावर तिनं तिरंगा फडकवला. लंडनमध्ये तेव्हा भारताच्या उच्चायुक्त होत्या विजयालक्ष्मी पंडित. पहिलं अभिनंदन त्यांचं आलं. दुसऱ्या दिवशी आकाशवाणीनं बातमी सांगितली. उत्तर कोलकात्यातल्या त्या घरात रेडिओजवळ कोण कोण बसलं असेल, याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आपोआप उभं राहतं.

१९६० साली आरतीला पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला खेळाडू. पण मला त्याच्या पुढचं आयुष्य जास्त ओळखीचं वाटतं. रेल्वेत नोकरी लागली. ज्या डॉ. अरुण गुप्तांनी वर्गणी गोळा केली, जे तिला इंग्लंडला घेऊन गेले आणि तिथं आजारी पडले, त्यांच्याशीच तिनं लग्न केलं. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या देखरेखीखाली आधी कोर्टात नोंदणी झाली आणि मग रीतसर विधी. एक मुलगी झाली. नोकरी, संसार, मूल. खाडी पार करून आलेल्या बाईलाही सकाळी डबा भरून गाडी गाठायची होतीच. ती आता आरती गुप्ता होती. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी मात्र तिला माहेरच्याच नावानं ठेवलं.

शेवट फार लवकर आला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली, आजार मेंदूपर्यंत गेला. ४ ऑगस्टला दवाखान्यात नेलं आणि एकोणीस दिवस झुंजून २३ ऑगस्टला ती गेली. वय त्रेपन्न. सोळा तास थंड समुद्र अंगावर घेणारं शरीर काविळीपुढं टिकलं नाही. १९९६ साली तिच्या घराजवळ तिचा अर्धपुतळा बसवला, त्याच्यासमोरच्या शंभर मीटरच्या गल्लीला तिचं नाव दिलं. १९९९ मध्ये टपाल खात्यानं तीन रुपयांचं तिकीट काढलं. शंभर मीटर म्हणजे तिच्या ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीएवढंच अंतर, हा योगायोगच असणार.

हे सगळं मी आमच्या पायऱ्यांवरच्या मैत्रिणींना तुकड्या-तुकड्यानं सांगत होते. सगळ्यांना आवडलं ते आजीचं आणि काकांचं. एकीनं अकरा हजारांचा हिशेब मांडून बघितला. एकजण नावाड्याच्या बाजूनं भांडली, तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी पाण्यातच बेशुद्ध झाला होता. दहावीचं काय, हा प्रश्न मात्र आरतीच्या गोष्टीतून कुणालाच सुटला नाही.

आमच्या गावात पाण्याचं दुर्भिक्ष नवं नाही. नळाला चार-चार दिवसांआड पाणी बघितलेलं हे गाव. उन्हाळा कडक झाला, की तलाव बंद पडतो का काय, याची धाकधूक असतेच. त्या दिवशीही तोच विषय निघाला होता, तेवढ्यात सरांची शिट्टी झाली. मुलगी ओठ चावत बाहेर आली, टॉवेल ओढून घेतला आणि पहिली गोष्ट विचारली ती डब्यात काय आहे ही. घरी येताना स्कूटरवर मागं बसून तिनं मला सांगितलं, की पुढच्या महिन्याची फी दहा तारखेच्या आत भरायची आहे. मी पाकिटात बघून ठेवलंय. भरीन.